तीन बस एकदम येणार, हे ठरलेलंच

अर्धाकप | मंगळवार, ०९/०९/२०२५ - २२:४१

आज संध्याकाळी अंधेरी पूर्वेला आगरकर चौकात बससाठी उभा होतो. सव्वासात ते सात त्रेपन्न. तेवढ्यात जगातल्या सगळ्या नंबरच्या बस येऊन गेल्या, आमचा नंबर सोडून. रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. पिशवी गच्च भरलेली, म्हणून कोथिंबिरीची जुडी हातात. अडतीस मिनिटांत त्या जुडीने मान टाकली. मग बस आली, दारात माणसं लोंबकळत. तिच्या मागे त्याच नंबरची दुसरी. आणि तिच्या मागे तिसरी, जिच्यात कंडक्टर आणि चार माणसं. आजी म्हणाल्या, "येणारच की, नेहमीचंच आहे," आणि सावकाश मागे चालत तिसरीत जाऊन खिडकीपाशी बसल्या. मी मात्र पहिलीत घुसलो आणि साकीनाक्यापर्यंत एका पायावर उभा होतो.

आश्चर्य दोघांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला, मी नाही.

घरी आलो तर लिफ्टपाशी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. रविवार १४ सप्टेंबर, सकाळी १० वाजता, स्टिल्ट पार्किंगमध्ये. खाली बारीक अक्षरात नेहमीचं वाक्य: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी सकाळी १०:३० वाजता घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही." अकरा वर्षं या इमारतीत राहतोय, अकरा वर्षं हेच वाक्य. सभा तहकूब होणार हे आधीच छापून ठेवलेलं. आणि ते छापलेलं सगळ्यांनी वाचलेलं असल्यामुळे दहाला कोणीच येत नाही!

तर धागा यासाठी. रोजच्या आयुष्यातल्या अशा ठरलेल्या गोष्टी सांगा, ज्या घडल्या की आपण "वाटलंच होतं" म्हणतो. अट एकच: "मर्फीचा नियम" (जे बिघडू शकतं ते बिघडणारच) म्हणून सुटायचं नाही. का होतं ते सांगायचं.

---

फोडणीचा_भात | ०९/०९/२०२५ - २२:५८

छत्री नेली की पाऊस नाही. विसरली की धो धो. कारण वगैरे माहीत नाही, देव बघतोय.

---

बाराखडी | ०९/०९/२०२५ - २३:१०

@फोडणीचा_भात, छत्री नेली आणि पाऊस पडला, असे किती दिवस आठवतात तुम्हाला? एकही नाही, कारण त्या दिवशी काही घडलंच नाही. भिजलेला दिवस मात्र बुटांसकट लक्षात राहतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आपल्याकडे याला काकतालीय न्याय असं भारदस्त नाव आहे, मर्फीच्या कितीतरी आधीपासून.

बसचं मात्र वेगळं. तिथे खरंच कारण आहे. कुणी जाणकार आहेत का इथे?

---

डबल_घंटी | बुधवार, १०/०९/२०२५ - ०६:२०

जाणकार म्हणा किंवा भोगलेला म्हणा. ३१ वर्षं मुंबईत कंडक्टर होतो, आता निवृत्त.

समजा डेपोतून दहा-दहा मिनिटांनी बस सुटल्या. स्टार्टर उभा असतो, तो वेळेवरच सोडतो. पहिली बस एका सिग्नलला दोन मिनिटं अडकली. झालं! आता पुढच्या स्टॉपवर दहा नाही, बारा मिनिटांची माणसं जमलेली. त्यांना चढवायला जास्त वेळ. त्यात एक सुट्टे नसलेला, एक "ही बस जाते का हो" विचारणारा, एक उतरायचं विसरलेला. म्हणून त्याच्या पुढच्या स्टॉपला अजून उशीर, अजून माणसं. मागच्या गाडीचं उलट. तिच्या वाट्याची माणसं पुढचीने उचलली, म्हणून ती रिकामी, म्हणून ती पळते. अर्ध्या रूटपर्यंत मागची पुढचीला गाठणारच. पुढच्या गाडीतला कंडक्टर घामाघूम आणि मागच्या गाडीतला खिडकीत कोपर टेकून. मी दोन्ही गाड्यांत होतो, त्यामुळे सांगतोय.

लोकांना वाटतं ड्रायव्हर-ड्रायव्हर मिळून चहा पितात आणि एकदम निघतात. शिव्या आम्ही खाल्ल्या, करामत गर्दीची. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. पुढच्या जुलैत शंभर वर्षं होतील. दुसऱ्या बसने पहिलीला पहिल्यांदा कधी गाठलं याची नोंद नसेल, पण फार दिवस लागले नसतील.

त्या आजी हुशार. तिसरीच पकडायची.

---

अर्धाकप | १०/०९/२०२५ - ०९:०५

काका, दंडवत. पण मग पुढच्या गाडीने दोन मिनिटं थांबून मागचीला पुढे का घालू नये?

---

डबल_घंटी | १०/०९/२०२५ - ०९:३२

घालतो की, जागा मिळाली तर. पण मधल्या स्टॉपवर गाडी उभी करून बघा. आत सत्तर माणसं असतात, दहा सेकंदांत "ओ कंडक्टर, झोपलात का" सुरू होतं. डबल घंटी द्यावीच लागते. आणि ज्यांच्या भल्यासाठी थांबायचं ते पुढच्या स्टॉपवर, त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही.

---

बाराखडी | १०/०९/२०२५ - १३:१५

काकांच्या प्रतिसादाला थोडं अंकगणित जोडते. (शाळेत गणित शिकवते, सवय जात नाही.)

दर दहा मिनिटांनी बस असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल, बरोबर? आता त्याच बस जोडीने येऊ लागल्या. दोन मिनिटांत एक, मग अठरा मिनिटं काही नाही, पुन्हा दोन, पुन्हा अठरा. तासाला बस तेवढ्याच, सहा. कागदावर "दर दहा मिनिटांनी" अजूनही खरं. पण तुम्ही स्टॉपवर कधीही पोहोचलात तर दहापैकी नऊ वेळा त्या अठरा मिनिटांच्या पोकळीतच पोहोचणार, कारण ती पोकळीच मोठी आहे. हिशोब केला तर सरासरी थांबणं ८.२ मिनिटं येतं. म्हणजे "मी गेलो की बस नसतेच" हे रडगाणं नाही, गणित आहे. बस चालवणारे बस मोजतात, आपण पोकळ्या मोजतो. दोघेही खरं बोलतात.

रांगेचंही तसंच. तिकीट खिडकीच्या तीन रांगा असतील तर आपली सगळ्यांत वेगवान निघण्याची शक्यता तीनात एक. शेजारची पुढे सरकणार हे तीनात दोन वेळा होणारच. शिवाय हळू रांगेत आयुष्याची जास्त मिनिटं जातात, म्हणून ती जास्त भेटते.

---

मालाडचा_मामा | १०/०९/२०२५ - १३:४०

+१ ८.२ ला. आता बायकोला उशिराचं शास्त्रीय कारण देता येईल.

---

पाऊणपट | १०/०९/२०२५ - २१:१८

ठरलेल्या गोष्टींचा विषय निघालाय तर आमच्या दर्याला विसरून कसं चालेल. वेसाव्याचा आहे, आडनाव सांगायची गरज नाही.

आयडीचं गुपित: आमच्याकडे भरतीची वेळ बघायला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. सकाळची सहा आणि संध्याकाळचीही सहाच्या जवळपास. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आजोबांच्या हिशोबात पंचेचाळीस, एवढं दर्या सांभाळून घेतो. मुंबईत पौर्णिमेची भरती आजच्या घड्याळात बाराच्या पुढे जाते. माझा अंदाज असा की हा हिशोब जुन्या मुंबईच्या वेळेवर बसलेला आहे, जी आजच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. अंदाजच आहे, कोणाकडे याहून चांगलं कारण असेल तर सांगा.

येत्या रविवारी अष्टमी आहे. भांगाची भरती, पाणी फार चढणार नाही. अर्धाकप, तुमच्या सभेला दर्याची तरी अडचण नाही.

---

परळ_नाका | १०/०९/२०२५ - २२:०२

पाऊणपट यांचा प्रतिसाद आमच्याकडच्या पाण्याला थेट लागू.

लहानपणापासून परळजवळचं हिंदमाता बघतोय. दर पावसाळ्यात टीव्हीवाले गुडघाभर पाण्यात उभे राहून "मुंबईची तुंबई" म्हणतात, जणू काल शोध लागलाय. कारण साधं. हिंदमाता ही बशी आहे, आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच उतरतं. गटारं ब्रिटिशांच्या काळची, तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून न्यायच्या हिशोबाची, तेही ओहोटी असेल तर. उधाणाच्या भरतीला समुद्र गटाराच्या तोंडापेक्षा वर, मग पाणी जाणार कुठे? २००५ च्या कितीतरी आधी, १९९३ मध्येच, ही क्षमता ५० मिलिमीटर करा असं सांगणारा मुंबईच्या पावसाळी गटारांवरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल आला होता.

म्हणजे जोराचा पाऊस आणि पौर्णिमेची दुपार एकत्र आली की काय होणार हे कॅलेंडर बघून सांगता येतं. आईचा नियम होता: महालक्ष्मीच्या कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावस्या दिसली आणि आभाळ काळं असेल तर दळण सकाळीच आणायचं.

(खरं सांगायचं तर आता पूर्वीइतकं पाणी थांबत नाही. मैदानाखाली टाक्या बांधल्या, पंप बसवले, त्याचा फरक पडलाय. श्रेय द्यायला हवं.)

---

उलटा_चष्मा | गुरुवार, ११/०९/२०२५ - ००:१२

माफ करा, पण थोडं पाणी ओततो. नंतर सगळेच शहाणे असतात.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! चर्चगेटच्या ऑफिसातल्या माणसाला "घरी जाऊ नको" असं कुठलं कॅलेंडर सांगणार होतं? मी तेव्हा कॉलेजात होतो. कलिन्याहून चालत निघालो, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचलो. "वाटलंच होतं" असं त्या दिवशी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र सगळ्यांना आधीच वाटलेलं होतं.

यंदाचंच घ्या. मुंबईत पावसाची नेहमीची तारीख ११ जून. आला २६ मेला. छत्र्या माळ्यावर, नालेसफाई अर्धवट, आणि नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक पाण्यात.

---

परळ_नाका | ११/०९/२०२५ - ००:३०

मान्य. पाऊस कधी येईल ते ठरलेलं नाही. आल्यावर पाणी कुठे जाईल ते ठरलेलं आहे. मी दुसऱ्याबद्दल बोलत होतो.

---

उलटा_चष्मा | ११/०९/२०२५ - ००:३३

हे पटलं. चष्मा सुलटा करतो.

---

ब्रूनमस्का | ११/०९/२०२५ - १०:४७

गंभीर वातावरणात हलकं काहीतरी. पाव पडला की लोण्याची बाजू खाली. यावर खरंच संशोधन झालंय. रॉबर्ट मॅथ्यूज नावाच्या गृहस्थांनी १९९५ मध्ये भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि १९९६ चा इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळवला. लोण्याच्या वजनाचा संबंध नाही. टेबलाच्या कडेवरून घसरताना स्लाइस गिरकी घ्यायला लागते, पण टेबल असतं अडीच फूट. तेवढ्या उंचीत अर्धीच गिरकी पूर्ण होते, आणि वरची बाजू खाली. टेबल दहा फुटी असतं तर स्लाइस पूर्ण फिरून सरळ पडली असती.

मी हे एका इराण्याकडे कॅशवरच्या बावाजींना सांगितलं. ते म्हणाले, "दस फुट का टेबल बनाएगा तो चाय कौन चढाएगा?"

---

फोडणीचा_भात | ११/०९/२०२५ - ११:०२

मेले. आणि पोळी? तूप लावलेली?

---

ब्रूनमस्का | ११/०९/२०२५ - ११:०९

पोळी लुळी असते, तिचं भौतिकशास्त्र वेगळं. आमच्याकडे तर ती पडायच्या आत कुत्रा झेलतो.

---

ओटा_अर्धवट | ११/०९/२०२५ - २३:२५

आयडी आजच या धाग्यासाठी घेतला. वाचनमात्र होते.

जूनमध्ये स्वयंपाकघराचा ओटा बदलायला काढला. जुना कडप्पा फुटला होता, ग्रॅनाइट बसवायचं. मिस्त्री म्हणाले, "ताई, आठ दिवस. दहा धरा." गणपती २७ ऑगस्टला. मी मनातल्या मनात पंधरा धरले आणि स्वतःच्या धोरणीपणावर खूश झाले.

पहिल्या दिवशी ओटा फोडला. दुसऱ्या दिवशी कळलं की आतला पाइप गंजलाय. प्लंबर दोन दिवसांनी आला, म्हणाला खालच्यांच्या छतातून घ्यावं लागेल. खालचे गावी, रत्नागिरीला. ते आले तोवर मिस्त्री दुसऱ्या कामावर. ग्रॅनाइट आलं तर लिफ्टमध्ये मावेना, सहा मजले जिन्याने, वर दोनशे रुपये मजला. सिंकसाठी भोक पाडलं ते नळाच्या बाजूला दोन बोटं कमी. मग ती पाटी बदलायला पाऊस थांबायची वाट. सगळ्याला कारण होतं, एकही कारण खोटं नव्हतं. दीड महिना बाल्कनीत इंडक्शनवर पिठलं-भात.

गणपती आले तेव्हा ओटा होता, टाइल्स नव्हत्या. उकडीचे मोदक शेजारणीकडे उकडले.

सगळ्यांत गंमत पुढे. सासूबाई म्हणाल्या, "२००९ ला बाथरूम केलं तेव्हा किती दिवस लागले होते?" मी वही काढली, मी खर्च लिहून ठेवते. आठ दिवसांचे बावन्न झाले होते. तीच वही कपाटात होती, पण जूनमध्ये उघडायचं सुचलं नाही, कारण "या वेळी" मिस्त्री वेगळा होता.

---

बाराखडी | शुक्रवार, १२/०९/२०२५ - ०७:५०

@ओटा_अर्धवट, स्वागत, आणि काय लिहिलंय! कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीने १९७९ मध्येच याला "प्लॅनिंग फॅलसी" असं नाव देऊन ठेवलंय. माणूस पुढच्या कामाचा अंदाज करताना काम कसं होईल त्याची गोष्ट मनात रचतो, आणि गोष्टीत पाइप कधी गंजत नाही. अंदाजाचा साधा रस्ता म्हणजे मागच्या वेळी किती लागले ते बघणं. तुमच्या सासूबाईंनी नेमकं तेच विचारलं. फक्त दोन महिने उशिरा.

---

मालाडचा_मामा | १२/०९/२०२५ - ०८:१५

सासूबाई नेहमी झाल्यावरच विचारतात. तेही ठरलेलं. (हलके घ्या.)

---

शेवटचा_डबा | १२/०९/२०२५ - १९:३०

एक राहिलंच. उड्डाणपूल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पन्नासेक पुलांची योजना आली तेव्हा आमचे काका म्हणायचे, आता सायनहून अर्ध्या तासात. पहिली काही वर्षं खरंच पोहोचले. मग ज्यांनी गाडी घेतली नव्हती त्यांनी घेतली, ट्रेनने जाणारेही गाडीने निघाले, आणि खोळंबा एक मजला वर गेला. अँथनी डाउन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की गर्दीच्या वेळी रस्ता रुंद केला की तेवढी गर्दी येऊन तो पुन्हा भरतो.

मी लोकलवाला. माझं ठरलेलं एकच: ज्या दिवशी धावत जाऊन गाडी पकडतो, ती पुढच्या स्टेशनबाहेर दहा मिनिटं उभी राहते. हे बहुधा छत्रीच्या खात्यातलं.

---

अर्धाकप | रविवार, १४/०९/२०२५ - १४:०५

सगळ्यांचे आभार. धाग्याला जागून आज प्रयोग केला. सभेला दहाच्या ठोक्याला खाली उतरलो.

स्टिल्टमध्ये वॉचमन खुर्च्या मांडत होता. सेक्रेटरी हजेरी रजिस्टर घेऊन बसलेले, समोर बिस्किटांचे दोन पुडे. आणि पहिल्या मजल्यावरचे काका, ऐंशीच्या पुढचे, एकुलत्या एक पंख्याखाली. मी म्हटलं, "काका, तुम्हाला माहीत नाही का, साडेदहाला सुरू होते?" काका म्हणाले, "माहीत आहे ना. म्हणून तर दहाला येतो. साडेदहाला ही खुर्ची मिळेल का?"

दहा वाजून तीस मिनिटांनी पाच सह्या. सभा रीतसर तहकूब. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, पुन्हा सभा सुरू केली. दहा पस्तीसला लिफ्टचं दार उघडलं आणि चाळीस माणसं. बिस्किटं दहा चाळीसला संपली. पार्किंगचा विषय पुढच्या सभेवर.

---

डबल_घंटी | १४/०९/२०२५ - १६:४४

काका आणि त्या कोथिंबीरवाल्या आजी एकाच शाळेतले. बरं, बसचं काय? तिसरी पकडता की नाही?

---

अर्धाकप | १४/०९/२०२५ - १७:१०

शुक्रवारी पकडायला गेलो होतो. पहिली आली, भरलेली, सोडली. दुसरी आली, बरी होती, पण म्हटलं तुम्ही सांगितलंय, तिसरीच. सोडली. तिसरी आलीच नाही. पंचवीस मिनिटं.

---

डबल_घंटी | १४/०९/२०२५ - १७:२२

अरेरे. दोघी पुढे आहेत म्हटल्यावर तिसरीला अलीकडूनच परत फिरवली असणार, टायमिंग सांभाळायला. मीही तेच केलं असतं. आजी नव्हत्या का?

---

अर्धाकप | १४/०९/२०२५ - १७:२५

होत्या. दुसरीत बसून गेल्या. खिडकीपाशी.